पॅथॉलॉजीत एआय येईल, पण आधी स्लाइड स्क्रीनवर यायला हवी

एआय कॅन्सर ओळखतं, अशी बातमी दर थोड्या दिवसांनी येतेच. मग आपल्या बायॉप्सीचा रिपोर्ट अजूनही मायक्रोस्कोपखालीच का तयार होतो?

परवानगीचा प्रश्न म्हणाल, तर तो जुना झाला. स्लाइड स्क्रीनवर बघून निदान करण्यासाठी फिलिप्सच्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच मान्यता दिली. २०२१ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरसाठी 'पेज प्रोस्टेट' या एआय सॉफ्टवेअरलाही मिळाली. माझ्या मते खरी अडचण अल्गोरिदमच्या आधीच सुरू होते.

एक्स-रे डिजिटल झाला तेव्हा फिल्म गेली, डार्करूम गेली, खर्च वाचला. पॅथॉलॉजीत तसं होत नाही. गाठीचा तुकडा मेणात बसवणं, पातळ काप काढणं, रंग देणं, काचेवर लावणं हे सगळं करावंच लागतं. स्कॅनिंग हे त्यावरचं जादा काम. म्हणजे खर्च आधी, फायदा नंतर.

त्यात डेटाचा आकार बघा. १५ बाय १५ मिलिमीटरचा तुकडा, दर पिक्सेलला पाव मायक्रॉन: ६०,००० गुणिले ६०,०००, म्हणजे ३६० कोटी पिक्सेल. कॉम्प्रेस केल्यावर ही फाइल साधारण १ जीबीची होते असं धरू. रोज २०० स्लाइड आणि वर्षाला ३०० दिवस काम धरलं, तर ६० टीबी झाले, तेही बॅकअप न धरता. छोट्या लॅबने हे ठेवायचं कुठे?

दुसरी गोष्ट रंगाची. स्लाइडला दिलेला गुलाबी-जांभळा रंग प्रत्येक लॅबमध्ये थोडा वेगळा उतरतो, स्कॅनरही वेगळे असतात. एका हॉस्पिटलच्या स्लाइडवर तयार झालेलं मॉडेल दुसरीकडे चुकू शकतं. त्यामुळे विकणाऱ्याच्या ब्रोशरमधल्या अचूकतेवर विसंबून चालत नाही, तपासणी आपल्याच स्लाइडवर व्हायला हवी. स्क्रीनवरच्या निदानासाठी कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची शिफारसच आहे: किमान ६० केस काचेवर आणि स्क्रीनवर तपासायच्या, मध्ये किमान २ आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे आधीचं उत्तर डोक्यात राहत नाही. एआय वापरायचं असेल तर त्याची चाचणी वेगळी.

मग थांबायचं का? अजिबात नाही. जिथे एकच पॅथॉलॉजिस्ट आहे, तिथे अवघड केसवर दुसरं मत घ्यायला आज स्लाइड कुरिअरने पाठवावी लागते. पेशंटचे उपचार तोवर अडकतात. तीच स्लाइड स्कॅन केली, तर मोठ्या शहरातला तज्ज्ञ ती त्याच दिवशी बघू शकतो. त्यासाठी एआय लागत नाही. लागतो तो स्कॅनर, बरं इंटरनेट आणि स्लाइड योग्य पेशंटशी जोडणारा बारकोड.

माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी: आधी बारकोड, मग फक्त अवघड केसचं स्कॅनिंग, मग आपल्या स्लाइडवर पडताळणी आणि सगळ्यात शेवटी एआय. तेही मदतनीस म्हणून, कारण रिपोर्टखाली सही डॉक्टरची असते आणि जबाबदारीही त्यांचीच.