वाफेला दाखला, धुराला मोकळीक

इचलकरंजीतल्या सायझिंग कारखान्याजवळच्या एखाद्या गच्चीवर पहाटे बोट फिरवून पाहा. काजळी हाताला लागते. सुताला खळ चढवायला आणि ते वाळवायला वाफ हवी, आणि वाफेसाठी बॉयलर. त्याच्या सुरक्षिततेबाबत आपण जागरूक आहोत. 1923चा जुना कायदा जाऊन 2025चा नवा बॉयलर कायदा आला. निरीक्षकाच्या दाखल्याविना बॉयलर पेटवता येत नाही, कारण तो फुटला तर माणसे जागीच मरतात.

धूर मात्र सावकाश मारतो, म्हणून त्याच्याकडे काणाडोळा होतो. त्यासाठी 1981चा हवा प्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आहे. चिमणीची उंचीही सूत्राने ठरते: तासाला 10 किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत असेल, तर सुमारे 28 मीटर. पण उंच चिमणी धूर दूर नेते, नाहीसा करत नाही. राख अडवते ती बॅग फिल्टर किंवा सायक्लोन यंत्रणा, आणि पाहणी दिवसा, तर फिल्टर बंद रात्री, असे झाले की कागदावरचे पालन कागदावरच राहते.

उपाय अवघड नाही. बॉयलरच्या दाखल्याचे नूतनीकरण करतानाच धुराची चाचणी सक्तीची करावी. बॉयलर निरीक्षण आणि प्रदूषण नियंत्रण या दोन्ही खात्यांनी नोंदी एकमेकांना द्याव्यात. छोट्या उद्योजकाला फिल्टरसाठी स्वस्त कर्ज मिळावे. त्यानंतरही जो टाळेल, त्याची भट्टी विझवावी. वाफ कारखान्याची असेल, हवा गावाची आहे.