चित्रकलेचा तास आला, शिकवणार कोण?

गणेशोत्सवातल्या बालचित्रकला स्पर्धेचे कागद एकदा ओळीने मांडून पाहावेत. बहुतेक कागदांवर तेच चित्र असते. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर लाल छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. लालबागच्या मुलाला नारळाची झाडे दिसतात कुठे? त्याला दिसते ती केळी. गावाबाहेर पडले की केळीच्या बागा लागतात, उत्तरेला सातपुडा आहे, इकडे तापीचे घाट आहेत. यातले काहीच त्याच्या कागदावर येत नाही. यात मुलाचा दोष नाही. आपण त्याला गिरवायला शिकवले, पाहायला शिकवायचे राहून गेले.

हा विषय आज काढण्याचे कारण म्हणजे शालेय शिक्षणात कलेची जागा सध्या बदलते आहे. हा बदल आपल्या मुलांपर्यंत पोचणार की कागदावरच राहणार, हे काही प्रमाणात पालकांवर आणि आपल्यासारख्या मंडळांवरही अवलंबून आहे.

धोरणात काय बदलले

२९ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केले. मुख्य विषय आणि ‘इतर उपक्रम’ अशी जी भिंत आपल्या शाळांत वर्षानुवर्षे उभी आहे, ती नसावी असे या धोरणात स्पष्ट म्हटले आहे. त्यावर आधारलेला शालेय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला. त्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीने तिसरीसाठी कलेचे ‘बांसुरी’ हे पाठ्यपुस्तक काढले. चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य अशा चारही गोष्टी त्यात आहेत. सीमेपलीकडे रावेर-जळगावात आपले नातेवाईक आहेत, त्यांच्या मुलांकडे बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक पाहिल्याचे काहींना आठवेल. तेही याच दिशेने जाणारे आहे.

म्हणजे कला शिकवावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही आणि पुस्तकही तयार आहे. अडचण आहे ती पुस्तक उघडून मुलांसमोर बसणाऱ्या माणसाची.

कायद्यातली रिकामी जागा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शाळेत किती शिक्षक हवेत, हे त्याच्या परिशिष्टात दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. पुढे मुलांच्या संख्येप्रमाणे ही संख्या वाढत जाते. कलाशिक्षकाचा उल्लेख मात्र या पाच इयत्तांसाठी कुठेही नाही. तो येतो सहावी ते आठवीच्या भागात. तिथे शंभराहून जास्त मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असे म्हटले आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की विसंगती दिसते. धोरणाला कला प्राथमिक शाळेत हवी आहे. कायदा मात्र कलेचा माणूस सहावीपासून देतो आणि तोही अर्धवेळ. मधली वर्षे वर्गशिक्षकाच्या माथी येतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. शिवाय २०२१ पासून ‘निपुण भारत’ मोहीम सुरू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे आणि साधे हिशेब करता आले पाहिजेत, हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. पण ज्याची तपासणी होणार आहे तेच शिक्षक आधी हाती घेणार, हेही उघड आहे. आठवड्याचे वेळापत्रक कोलमडले की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो.

आपली बरीच मुले खासगी शाळांत जातात. तिथे चित्रकलेचे शिक्षक असतीलही, पण तासाला पुष्कळदा छापील आकृतीत रंग भरण्याची वहीच पुढे येते. वही सुबक दिसते, पालक खूश होतात, पण त्या वहीत मुलाचे स्वतःचे काही नसते.

सहा ते दहा ही वर्षे का महत्त्वाची

व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलाशिक्षक. लहान मुलांची चित्रे वयाप्रमाणे कशी बदलतात, याची त्यांनी १९४७ साली एका पुस्तकात मांडणी केली. साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची रेघ ओढते आणि माणसे, घरे, झाडे तिच्यावर उभी करते. माणूस, झाड, घर यांसाठी त्याची स्वतःची ठरलेली आकृती तयार झालेली असते. नवव्या वर्षाच्या सुमाराला त्याला चित्र ‘खऱ्यासारखे’ हवेसे वाटू लागते. तसे जमले नाही की ते म्हणते, ‘मला चित्र येत नाही.’ तयार आकृत्यांवर वाढलेले मूल हे वाक्य लवकर म्हणते, कारण स्वतःच्या रेषेवर त्याचा विश्वास कधी बसलेलाच नसतो. आपल्यापैकी कितीजण चौथी-पाचवीत हे वाक्य म्हणून चित्रापासून कायमचे दूर झाले, ते ज्याचे त्याने आठवावे.

म्हणून सहावीपासून कलाशिक्षक देणे म्हणजे रोप सुकल्यावर पाणी घालण्यासारखे आहे.

डिझाइन शिकवायचे म्हणजे काय

‘डिझाइन’ म्हटले की आपल्याला कॉम्प्युटर, मोठी फी आणि मोठे शहर आठवते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, तिच्या मागे हा अहवाल होता. भारतातल्या उत्तम रचनेचे उदाहरण म्हणून त्यांनी निवडला तो आपला लोटा, म्हणजेच तांब्या. त्यात पाणी किती मावते, तो डोक्यावर किंवा कमरेवर कसा बसतो, पाणी कसे ओतले जाते, आतून घासताना हात कसा जातो, असे प्रश्न त्यांनी मांडले. हे प्रश्न तिसरीतल्या मुलाला सहज विचारता येतात. तांब्याची मान बारीक का? कळशीला काठ का? आजीच्या डब्याचे झाकण इतके घट्ट कसे बसते? इथून डिझाइनचा पाठ सुरू होतो.

लालबागकरांना तर दूर जायलाच नको. कुंडी भंडारा आपल्या दारात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे जमिनीखालचे पाणी उताराने शहरात आणण्यासाठी ही विहिरींची साखळी आणि तिला जोडणारे भुयार खोदले गेले. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला, तेव्हा आपण सर्वांनी बातमी एकमेकांना पाठवली. पण ‘पंप नव्हता, मग पाणी पुढे कसे सरकले?’ हा प्रश्न आपण किती मुलांना विचारला? त्याचे उत्तर मुलाने चित्रातून दिले, म्हणजे जमीन उभी कापून विहिरी, भुयार आणि उतार दाखवला, तर एकाच कागदावर चित्रकला, विज्ञान आणि इतिहास येतो. ‘निपुण’च्या शिक्षकांनाही त्यात नुकसान नाही, कारण चित्राखाली चार वाक्ये लिहायला मुलाजवळ आता सांगण्यासारखे काही असते.

शिकवणारी माणसे आपल्यातच आहेत

बुऱ्हाणपूर हे मागांचे शहर. उभ्या ताण्यात आडवा बाणा कसा जातो, काठाचा रंग पोतात का मिसळत नाही, हे सांगणारी माणसे आपल्या ओळखीत आहेत. जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून सुतळी ताणली की लहान माग तयार होतो, आणि कापडाच्या चिंध्यांना इथे तोटा नाही. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आजी मुलांना समरूपता शिकवू शकतात, तो शब्द न उच्चारता. पितृपक्षात निमाड-माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवतात, रोज नवी आकृती करतात आणि शेवटी किलाकोट. ही एवढी मोठी शिकवणी कोणत्याही पुस्तकाशिवाय चालत आली. पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीतला किल्ला तर आपण घरातून सोबत आणलेले आहेत. तो किल्ला रायगड असतो तसाच एखाद्या वर्षी असीरगडही असू दे.

असा प्रयोग आपल्या भागाला नवा नाही. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनहून आलेल्या देवी प्रसाद यांनी १९४४ ते १९६२ या काळात मुलांना कला शिकवली. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हा विचार त्यांनी त्या अनुभवावरून मांडला. आपल्या मध्य प्रदेशात इंदूरचे विष्णू चिंचालकर गुरुजी होऊन गेले. देवळालीकरांसारख्या गुरूकडे चित्रकला शिकलेल्या या माणसाने पुढे वाळकी पाने, साली, बिया, काटक्या यांतून चेहरे आणि प्राणी शोधले आणि मुलांनाही तसे शोधायला लावले. एकलव्य संस्थेच्या ‘चकमक’ मासिकातून त्यांचे हे खेळ हिंदी भाषिक मुलांपर्यंत गेले. साहित्याला खर्च येत नाही म्हणून कला थांबत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट हक्काची. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. आपले जे सभासद अशा समितीवर आहेत, त्यांनी त्या आराखड्यात कलेचा ठरलेला तास आणि साधे साहित्य लिहून घ्यावे. खासगी शाळेत मुले असलेल्यांनी पालकसभेत एवढेच विचारावे: रंगभरणाच्या वहीऐवजी कोरा कागद का नाही?

दुसरी गोष्ट मंडळाची. महिन्यातला एक शनिवार जवळच्या प्राथमिक शाळेला द्यावा. एका खेपेला रांगोळी, एका खेपेला पुठ्ठ्याचा माग, एका खेपेला कुंडी भंडाऱ्याची सहल. यावर आक्षेप येईल की सरकारचे काम आपण का करायचे. आक्षेप बरोबर आहे. शिक्षकाची जागा स्वयंसेवक भरून काढू शकत नाही आणि मागणी सोडून देऊ नये. पण आज सात वर्षांचे असलेले मूल कायदा बदलेपर्यंत सातच वर्षांचे राहणार नाही.

तिसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, ती म्हणजे आपली स्पर्धा. ‘निसर्गचित्र’ हा विषय या वर्षी काढून टाकावा. लहान गटाला ‘माझ्या दारातून काय दिसते’ असा विषय द्यावा. कागद आदल्या दिवशी घरी द्यावा, म्हणजे मूल दारात बसून काढेल. पहिला-दुसरा नंबर न काढता सगळी चित्रे मंडपात लावावीत आणि प्रत्येक चित्राखाली मुलाचे एक वाक्य, त्याच्या शब्दांत, मराठीत लिहावे. एखाद्या चित्रात विजेचा खांब वाकडा असेल, गाय घरापेक्षा मोठी असेल. असू दे. त्या कागदावर नारळाऐवजी केळ आली, तर आपला खर्च वसूल झाला.