सर्व्हर डाऊन : मुदत वाढते, दुखणं तसंच राहतं

२०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२४ ला १५ जुलैची मुदत ३१ जुलैवर गेली. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. मुदतवाढीची कारणं वेगवेगळी असतील, पण साईट न उघडणं आणि ओटीपी न येणं ही तक्रार दरवेळी असतेच.

असं का होतं? साखर कारखान्यावरचे वजनकाटे आठवा. एकच काटा असला की गाड्यांची रांग लागणारच. म्हणून मोठ्या साईटसाठी बरेच सर्व्हर लावतात आणि पुढे एक 'लोड बॅलन्सर' ठेवतात. गेटवरच्या माणसासारखं त्याचं काम. ज्या काट्यावर गर्दी कमी, तिकडे गाडी पाठवायची. कुठला काटा चालू, कुठला बंद, हे तो सतत तपासतो आणि बंद काट्यावर गाडी पाठवत नाही.

मग एवढं केलं की भागलं का? नाही. दहा काटे झाले, पण पावती लिहिणारा कारकून एकच असला तर रांग त्याच्यापुढे लागते. साईटच्या मागचा डेटाबेस म्हणजे तो कारकून. शिवाय आधारचा ओटीपी योजनेच्या साईटवरून नाही, तर आधारच्या यंत्रणेकडून येतो. तिथे वाट अडली तर इकडे कितीही सर्व्हर वाढवा, उपयोग शून्य.

म्हणून नुसती मुदत वाढवून भागत नाही. नव्या शेवटच्या तारखेला तीच गर्दी पुन्हा होते. यंत्रणा सुरू करण्याआधी लाखो लोकांचा भार टाकून ती तपासायला हवी, आणि तालुक्यानुसार तारखा वाटून द्यायला हव्यात. गर्दी दिवसांवर वाटली गेली तर आहे तेच सर्व्हर जास्त पुरतील.

ज्या बाईचा केंद्रावर दिवस जातो, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती कुणी भरून देत नाही. ग्रामसभेत हा मुद्दा मांडा, ठरावात घ्या. तोवर काम पहाटे किंवा रात्री उशिरा करून बघा, आणि अडलंच तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा.