गोदाम राखलंत, माणसं वगळलीत

आदरणीय वास्तुविशारद महोदय,



गिरणगावातलं आमच्या गिरणीचं कापसाचं गोदाम तुम्ही पाडलं नाहीत, याचे आधी मनापासून आभार. शेजारच्या गिरण्या गेल्या, मनोरे आले. तुम्ही मात्र दगडी भिंती, लोखंडी खांब, सागाच्या तुळया राखल्यात. खाली दुकानं नि उपाहारगृहं, वर कार्यालयं, मागे राहती घरं. काम देखणं झालंय.

पण आमच्या चाळीत येऊन तुम्ही बाबांचा गिरणीतला पितळी बिल्ला मागून नेलात. गोदामाचा इतिहास मांडायचाय, म्हणालात. तो बिल्ला आज उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेला लावलाय. खाली बाबांचं नाव नाही. दाराशी मोठा फलक आहे. खांब कुठे ओतले, दगड कुठून आला, सगळं त्यात आहे. गासड्या पाठीवर वाहणारे नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संपही नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली होती. त्यांतले किती जण परत कामावर गेलेच नाहीत, हे आमच्या चाळीत कुणालाही विचारा.

जमिनीचंही दुखतंच. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये वाटणी रिकाम्या जमिनीपुरती उरली, जुन्या बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. हा निर्णय तुमचा नव्हता, ठाऊक आहे. पण गोदामाच्या आत कुणाला जागा द्यायची, हे मालकाला सुचवणं तुमच्या हातात होतं.

इथल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातलं. माझी आई त्यांतलीच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते अशाच बायकांसाठी. संपात आईनं महिनोन्‌महिने उधारीवर ताटं वाढली. त्यातली बरीच उधारी बुडाली, तरी तिनं कुणाला दारातून परत पाठवलं नाही. तुमच्या इमारतीत पाचसहा उपाहारगृहं आहेत. परवडणाऱ्या भाड्याचा एक गाळा तिच्यासारख्या बायकांसाठी ठेवावा, असं एकदाही मनात आलं नाही?

एक गाळा अजून रिकामा आहे, मी पाहिलाय. तो खानावळीला मिळावा म्हणून मालकाकडे शब्द टाका. फलक पुन्हा लिहा. लिहिताना आमच्या चाळीत या, आठवणारी माणसं अजून आहेत. आणि बिल्ल्याखाली बाबांचं नाव घाला. ते जमत नसेल, तर बिल्ला परत करा.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी