आधी तळहात, मग गाडी



गेल्या वर्षी ज्वारीची खळी चालू असताना आमच्या कामाच्या टापूतल्या एका गावी मळणीयंत्रात एका सालगड्याचा हात गेला. कोपराच्या खाली. वय तेवीस. यंत्र लगेच बंद झाले, माणसेही कमी नव्हती, चांगली अकरा होती. एक जण हळद आणायला घराकडे पळाला. दुसऱ्याने तंबाखूची पुडी जखमेवर रिकामी केली. तिसरा डब्याने पाणी ओतत होता. चौघे जीप कोणाची मिळेल यावर वाद घालत होते. सभेच्या निमित्ताने तिथे पोहोचलेले आम्ही दोघे फोन लावत होतो. जखमेवर घट्ट हात दाबून बसलेला मात्र एकही माणूस तिथे नव्हता. जीप आली, पण डांबरी सडक लागायच्या आत पोराने मान टाकली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच विचारले, "दाबून का नाही धरले?" आमच्यापैकी एकाजवळ शेतकीची पदवी आहे. बोंडअळीच्या नुकसानीची पातळी तो झोपेतही सांगेल. त्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेब साधा आहे. पन्नास-साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात चार लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातले दीड लिटर गेले की जिवाला धोका. मांडीची मोठी धमनी तुटली तर चार-पाच मिनिटांत खेळ आटोपतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, फुकट आहे, आणि तिला फोन केलाच पाहिजे. पण काळ्या रानातून खळ्यापर्यंत पाच मिनिटांत पोहोचेल अशी गाडी कोणत्याही सरकारने अजून बनवलेली नाही. ती पाच मिनिटे आपली आहेत. एकाने फोन करावा, बाकीच्यांनी जखमेवर बसावे.

करायचे ते एवढेच. माणसाला आडवा झोपवा. कापड फाडून जखम उघडी करा, रक्त नेमके कुठून उसळते ते पाहा. तिथे धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी ठेवा आणि तळहाताच्या टाचेने, कोपर ताठ करून, अंगाचा भार देऊन दाबा. घड्याळात पाहून दहा मिनिटे. थांबले का म्हणून मध्ये उचलून पाहायचे नाही, कारण धरू लागलेली गुठळी त्या पाहण्यानेच सुटते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा आणि जास्त जोर लावा. हाताला प्लास्टिकची पिशवी चढवता आली तर चढवा, नाही मिळाली तर थांबू नका. बहुतेक जखमा एवढ्यावर आटोक्यात येतात.

बैलाचे शिंग जांघेत घुसले किंवा काखेत खोल घाव झाला तर वरून दाबून भागत नाही. कापडाची पट्टी बोटाने त्या भोकात तळापर्यंत ठासून भरायची आणि मग वरून दाबायचे. पोट आणि छाती यांत मात्र काही कोंबू नका. पऱ्हाटीचा खुंट पायात आरपार गेला असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. खुंट आत आहे तोवर तोच बुचाचे काम करतो.

आता कापसाविषयी. आपण कापूसवाले, त्यामुळे जखम झाली की हात घरातल्या ढिगाकडे जातो. तो बोळा रक्त टिपत नाही. शेतातल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. विश्वास बसत नसेल तर चिमूटभर पाण्यात टाकून पाहा, वर तरंगत राहील. औषधाच्या दुकानातला कापूस बुडतो, कारण त्याचे मेण कारखान्यात काढलेले असते. (आपलाच माल मेण काढून गुंडाळीत बांधला की कोणत्या भावाने परत येतो, हा हिशेब पुढच्या अंकात मांडू.) शिवाय घरच्या कापसात पालापाचोळा, माती असते आणि तंतू जखमेला चिकटून बसतात. तेव्हा जुने, धुतलेले धोतर किंवा लुगडे हेच आपले खरे औषध. फवारणीच्या वेळी तोंडाला बांधलेला रुमाल मात्र कधीही जखमेवर नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे बसली ते विसरण्यासारखे नाही, आणि उघड्या जखमेतून विष कातडीपेक्षा लवकर आत जाते.

हळद, चहापत्ती, तंबाखू, शेण यांनी उसळणारी धमनी बंद होत नाही. शेणामातीतून धनुर्वात मात्र येतो. जखम लहान असो वा मोठी, दवाखान्यात धनुर्वाताच्या सुईची आठवण करून द्या.

हात-पाय तुटला, किंवा जोराने दाबूनही रक्ताची चिळकांडी थांबत नाही, तर आवळपट्टी बांधायची. तीन बोटे रुंद कापडाची पट्टी जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर नव्हे, दोनदा गुंडाळा. एक गाठ मारा, तीवर वीतभर काठी ठेवून दुसरी गाठ मारा आणि रक्त थांबेपर्यंत काठी पिळा. मग काठीचे टोक बांधून टाका. सुतळी, तार, नायलॉनची दोरी नको, ती मांस कापते. माणूस वेदनेने ओरडेल. ओरडू द्या. पट्टी किती वाजता बांधली ते त्याच्या कपाळावर पेनाने लिहा. आमच्या विद्यार्थिदशेत प्रथमोपचाराच्या वर्गात दर पंधरा मिनिटांनी पट्टी सैल करायला शिकवीत. ते आता चुकीचे ठरले आहे. सैल केली की थांबलेले रक्त पुन्हा वाहते. दोन तासांपर्यंत अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही. ती सोडायची डॉक्टरांनी.

आणि उलटा प्रकार पाहा. साप चावला की आपण पहिल्यांदा दोरी आवळतो. तिथे आवळायचे नसते. सर्पदंशात आवळल्याने हात-पाय सडतो आणि दोरी सुटताच विष एकदम अंगात पसरू शकते. बांधायचे तिथे हळद आणि बांधू नये तिथे दोरी, अशी आपली गत.

तुटलेले बोट किंवा पंजा फेकू नका. ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा, ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही. जखमी माणसाला चहा-पाणी देऊ नका, तहान तहान म्हणाला तरी. शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल देताना पोटातले ते वर येते. अंगावर घोंगडी मात्र टाका, रक्त गेलेला माणूस उन्हातही गारठतो.

त्या पोराच्या घरी पुढे काय आले, तेही सांगितले पाहिजे. शासनाच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये आहेत, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला. सालगड्याच्या नावाने सातबारा कुठला? मळणीयंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, त्यात भरपाईची तरतूदही आहे. त्या खळ्यावरच्या अकरांपैकी एकाने त्याचे नाव ऐकलेले नव्हते, यंत्राच्या मालकानेही नाही. मालक आपलाच माणूस. कणसे घालायचे तोंड आखूड होते, पाटा लांब असता तर हात ढोलापर्यंत पोहोचलाच नसता. हे त्याच्या तोंडावर सांगायला आम्हाला जड गेले, पण सांगितले. सालगडी आपल्या योजनेच्या बाहेर राहणार असेल तर शेतकऱ्यांची सभा त्याच्यासाठी काय करणार, हा ठराव जिल्हा सभेपुढे येईल.

त्याच सभेत जेवणाआधी अर्धा तास दाबण्याचा आणि पट्टी पिळण्याचा सराव आहे. प्रत्येक गावातून निदान दोन माणसे यावीत, त्यांतली एक बाई असावी, कारण निंदणी-वेचणीच्या रानात दुपारी पुरुष सापडत नाही. येताना धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा आणि वीतभर काठी घेऊन या. मळणीयंत्रवाल्यांनी सराव झाल्यावर ते दोन्ही यंत्राच्या पेटीत ठेवायचे आहे.