अनारसा हसतो तेव्हा
भंडाऱ्यात दिवाळी धानकापणीच्या आसपास येते आणि नवा तांदूळ घरात आला की अनारशांचा मोह होतो. पण अनारशाला जुनाच तांदूळ हवा. नव्याचा चिकटपणा त्याला मानवत नाही. तांदूळ ३ दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून किंचित ओलसर असतानाच कांडायचा, मग गूळ मिसळून पीठ मुरवायचं. एवढं करूनही पहिलाच अनारसा तुपात हसतो, जाळी धरण्याऐवजी कढईभर विरघळतो. गूळ जास्त झालेला असतो किंवा पीठ सैल. तेवढ्यावर सगळा गोळा टाकून देणाऱ्या नव्या सुगरणींना हात धरून थांबवावंसं वाटतं. थोडी तांदळाची पिठी मळा, आच मंद करा, खसखशीवर थापलेली बाजू वर ठेवा, उलटू नका; झाऱ्यानं वरून तूप उडवत राहा. पीठ कोरडं पडलं, तर पिकलं केळं थोडं कुस्करून घाला. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला सुवासिक चिन्नोर तांदूळ मात्र तळणात घालवू नका. माझ्या मते तो दुधाच्या खिरीसाठीच राखावा.