एका ओळीचा हट्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला. नातेवाईक मंडळींनी 'याचं काहीतरी कॉम्प्युटरचं' म्हणून पळून जाऊ नये. गोष्ट काकांची आहे.

काकांनी आयुष्यात कुणाचा एक रुपया थकवला नाही. त्यांच्या सोसायटीसाठी मी पीएचपीमध्ये मेंटेनन्सच्या बाकीची यादी छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. यादी नोटीस बोर्डावर लागली. थकबाकीदारांचे आकडे अगदी बिनचूक! आणि काकांच्या नावापुढे? 'नोंद नाही'.

झालं होतं असं. मी आधी चार ओळींचं साधं इफ-एल्स लिहिलं होतं. एका मित्राने ते पाहून नाक मुरडलं. "चार ओळी कशाला? ?: टाक, एका ओळीत होतं." मीही टाकलं. हुशार दिसायला कुणाला आवडत नाही?

पण ?: (पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासूनचं) विचारतं, "डावीकडचं 'खरं' आहे का?" आणि पीएचपीच्या लेखी ० खोटा, रिकामी अक्षरमाळ खोटी, अवतरणातला '0'सुद्धा खोटा. मला विचारायचं होतं, "नोंद आहे का?" त्यासाठी ?? आहे, २०१५ च्या ७.० पासून. ते फक्त किंमत नल आहे का, किंवा मुळात ठेवलीच नाही का, एवढंच बघतं. शून्याला हात लावत नाही. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, प्रश्न मात्र वेगळे.

याहून भारी नमुना म्हणजे एकात एक घातलेले टर्नरी. '७५ च्या वर डिस्टिंक्शन, नाहीतर ६० च्या वर फर्स्ट क्लास, नाहीतर पास' हे कंस न घालता एका ओळीत लिहा. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये ८० गुणांना डिस्टिंक्शन मिळेल. जुन्या पीएचपीत फर्स्ट क्लास! कारण ते डावीकडून गट पाडायचं: पहिल्या टर्नरीचं उत्तर 'डिस्टिंक्शन', ते 'खरं', म्हणून पुढच्या प्रश्नाचं उत्तर 'फर्स्ट क्लास'. कितीही अभ्यास करा, डिस्टिंक्शन कुणालाच नाही. शेवटी २०१९ मध्ये ७.४ ने अशा बिनकंसाच्या लिखाणावर इशारा द्यायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये ८.० ने ते सरळ बंद केलं.

काही जण म्हणतील, मग ही भानगडच नको. 'गो' भाषेत टर्नरी नाहीच. पायथॉनमध्येही तो २००६ साली २.५ मध्ये आला, आणि तोही चिन्हांऐवजी शब्दांत. मी इतका कर्मठ नाही. एक अट, दोन साधी उत्तरं असतील तर खुशाल एका ओळीत लिहा, मीही लिहितो. माझं भांडण आहे ते 'ओळी कमी म्हणजे अक्कल जास्त' या समजाशी. वाचवलेल्या तीन ओळी मशीनच्या कामाच्या नसतात, पुढे वाचणाऱ्या माणसाच्या असतात. चिन्ह नेमका कोणता प्रश्न विचारतंय हे मोठ्याने सांगता येत नसेल, तर ते लिहायचा आपल्याला हक्क नाही. माझ्या मित्राला सांगता आलं नसतं. मलाही आलं नसतं, हे जास्त लागतं.

काकांची माफी मागायला गेलो, हे सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, शून्य हीसुद्धा नोंदच असते की. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पैसे भरलेत मी."

असो. इफ-एल्स परत घातलंय. चार ओळी आहेत. राहू देत.